शुक्रवारचा पेपर मंगळवारी

माझं काम कागद सांभाळायचं. हुद्दा तसा भारदस्त आहे, डॉक्युमेंट कंट्रोलर, पण नाशिकला आईला तो अजून नीट सांगता येत नाही. ती शेजारणींना सांगते, "दोहाला मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीत आहे, फायली लावते." मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय, कारण ती फारसं चुकीचं सांगत नाही. इंजिनिअर नकाशे काढतात, चुकतात, पुन्हा काढतात. कोणता कागद जुना, कोणता नवा, कोणी शेरा मारला आणि त्या शेऱ्याचं पुढे काय झालं, हे मी नोंदवते. पहिल्या खेपेचा कागद रिव्हिजन ए, मग बी, मग सी. एकाच अक्षराचे दोन वेगवेगळे कागद बाहेर जाता कामा नयेत, हा आमच्या कामातला पहिला नियम. तसं झालं तर साइटवर एक भिंत एका कागदाप्रमाणे उभी राहते आणि दुसरी दुसऱ्या. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं, आणि ही गोष्ट मी कोणी न विचारता सांगत असे.

आमचं ऑफिस आधी वेस्ट बेला होतं, आता लुसैलला आहे. दोन्हीकडे माझ्या शेजारच्या टेबलावर एक इथिओपियन गृहस्थ बसत आले आहेत. वय साठीच्या जरा अलीकडचं, शर्ट पांढरा, खिशात स्टीलची सहा इंची पट्टी. ती पट्टी ओळीखाली धरून ते एकेक ओळ खाली सरकत वाचतात. पंपाच्या सुट्या भागांची यादीसुद्धा अशी वाचतात, की त्यात पुढे काहीतरी घडणार आहे असं बघणाऱ्याला वाटावं. पहिल्या वर्षी मला त्यांचा राग यायचा. मी चाळून बाजूला ठेवलेल्या कागदात ते चूक काढायचे, आणि वर काही न बोलता पेन्सिलीने एक बारीकशी खूण करून कागद माझ्याकडे सरकवायचे. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

आम्ही इंग्रजीत बोलतो. इंग्रजीत तू की तुम्ही हे ठरवत बसावं लागत नाही. इथे लिहिताना मी त्यांच्या तोंडी 'तू' घातलंय, कारण वयाने त्यांना तेवढा हक्क आहे, आणि ते मला 'सिस्टर' म्हणतात.

मैत्री झाली ती डब्यामुळे. बुधवारी त्यांचा उपास असतो. मांस, दूध, अंडी काही चालत नाही. एका बुधवारी त्यांच्या डब्यात आंबोळीसारखं जाळीदार काहीतरी निघालं आणि त्याच्याबरोबर चक्क पिठलं. मी म्हटलं, हे आमचं आहे. ते म्हणाले, अजिबात नाही, हे आमचं. हा वाद अजून मिटलेला नाही. माझ्या गुरुवारच्या उपासाची मात्र त्यांनी पार अब्रू घेतली. साबुदाण्याच्या खिचडीकडे बराच वेळ बघून म्हणाले, "तूप, बटाटा, शेंगदाणे. सिस्टर, उपास नसतो त्या दिवशी तू याच्याहून कमी खातेस."

जेवणाच्या बाबतीत त्यांचा एक हट्ट होता. दुपारी बारानंतर कोणीही त्यांच्यापुढे कागद ठेवला, मग तो साधा इंजिनिअर असो की प्रोजेक्ट मॅनेजर, की ते आधी विचारणार, "जेवलास?" नाही म्हटलं तर कागद हातात घेत नसत. "भुकेला माणूस ओळ गाळतो," म्हणत. मी त्यांना चिडवायची, की आमच्याकडे कोकणातल्या मावशा अशाच विचारतात, तुम्ही चुकून अदिस अबाबाला जन्मलात. ते हसत आणि म्हणत, "माझी नाही ही सवय. माझ्या संपादकांची."

संपादक हा शब्द मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पंपांच्या यादीवरून पट्टी फिरवणारा हा माणूस तरुणपणी अदिस अबाबाला एका राजकीय पक्षाच्या अम्हारिक भाषेतल्या साप्ताहिकात मुद्रितशोधक होता, हे कळायला मला तीन वर्षं लागली. मला शेजारची माणसं उशिरा कळतात.

तो पक्ष लहान होता आणि पेपर त्याहून लहान. पेपरात काम करणारे बरेच, पण त्यातले बहुतेक पुढारी. प्रत्यक्ष कामाचा माणूस म्हणजे आमचे गृहस्थ. लेखाखाली कोणाचंही नाव छापायचं नाही अशी पद्धत होती, कारण लिहिणारा माणूस नव्हे, पक्ष लिहितो. अग्रलेख मात्र सात जणांची समिती तपासायची आणि प्रत्येक जण आपली छाप म्हणून एखादं विशेषण वाढवायचा. अम्हारिकमध्येही क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. "सातव्या माणसाकडून अग्रलेख परत आला," ते सांगत, "की मी आधी क्रियापद शोधायला निघायचो."

तिथे पेपर विकत घेणारे कमी, भाड्याने वाचणारे जास्त. रस्त्याच्या कडेला विक्रेत्याजवळ बसायचं, वाचायचं आणि घडी न मोडता परत करायचं. आमचे गृहस्थ सुट्टीच्या दिवशी मुद्दाम तिथे जाऊन बसत आणि वाचणाऱ्याचं बोट कुठे अडखळतं ते बघत. बोट अडलं, की ती आपली चूक. पक्षाचे पुढारी तीच गर्दी बघून आपल्या बाजूने किती माणसं आहेत त्याचा अंदाज बांधत. दोघांपैकी कोणाचा अंदाज बरोबर होता हे निवडणुकीनंतर कळलं असणार, पण त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत.

पेपरला दोन संपादक होते. एक वयाने मोठे, एक लहान. मी त्यांना थोरले संपादक आणि धाकटे संपादक म्हणते. दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचे, एकाच बशीतून खायचे. मग पक्ष फुटला. कशावरून, असं मी विचारलं आणि आयुष्यातली एक चूक केली. रविवारपासून गुरुवारपर्यंत रोज जेवताना ते मला समजावून सांगत होते. मला उरलं ते इतकंच, की जमिनीच्या प्रश्नावर एक ठराव होता आणि त्याच्या तिसऱ्या परिच्छेदावरून दोघांचं पटलं नाही. मी घरी नवऱ्याला हे सांगितलं तर तो मोठ्याने हसला. मी त्याला आठवण करून दिली, की आमचं इथलं मंडळ गेल्या वर्षी दिवाळी अंकात आभार आधी कोणाचे मानायचे यावरून फुटता फुटता राहिलं होतं, आणि त्यात एका बाजूचा पुढारी तो स्वतः होता. त्यावर तो म्हणाला, "तो तत्त्वाचा प्रश्न होता." तिसऱ्या परिच्छेदाचाही असणार.

फुटल्यावर दोन्ही गटांनी पेपर काढला. नाव तेच, त्याच शुक्रवारी, आणि अंकाचा क्रमांकही तोच. दोघांचंही म्हणणं, खरा अंक आमचा, तो दुसरा कागद नकली. सगळी इभ्रत शुक्रवारवर. शुक्रवारचा पेपर हीच त्यांची ओळख होती. ज्याचा शुक्रवार त्याचा पक्ष. असं काही आठवडे चाललं आणि मग एक दिवस थोरल्या संपादकांनी अचानक आपला वार बदलला. गुरुवारी छापायचा आणि शुक्रवारी बाजारात आणायचा, त्याऐवजी सोमवारी छापून मंगळवारी. कोणाला विचारलं नाही, कारण दिलं नाही. शुक्रवार धाकट्यांच्या पदरात पडला. थोरल्यांची माणसं हे कधी विसरली नाहीत. कोणी म्हणालं ते घाबरले, कोणी म्हणालं छापखान्याने दम दिला, कोणी म्हणालं आतून फितूर झाले. त्यानंतर दोन्ही पेपर बंद पडले, दोन्ही गट देशोदेशी पांगले, माणसांचे केस पिकले, पण थोरल्यांच्या नावापुढचा तो प्रश्न तसाच राहिला. त्यांनी त्याला कधीही उत्तर दिलं नाही.

गेल्या वर्षी थोरले संपादक फार आजारी पडले. ते एका थंड देशात मुलीकडे असतात. त्यांनी निरोप पाठवला, की पेपरचा इतिहास लिहून व्हायला हवा आणि तो मला वाचायला मिळायला हवा. दोन्ही गटांचे व्हॉट्सॲप ग्रुप वेगवेगळे, एकमेकांना रामराम नाही. पण दोघांनीही लिहिण्याचं काम आमच्या गृहस्थांवर टाकलं. दोघांनाही ते आपले वाटत होते. हे कसं काय, असा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

ते अम्हारिकमध्ये लिहू लागले. पण बाहेरच्या देशांत वाढलेल्या बऱ्याच पोरांना ती लिपी वाचता येत नाही, म्हणून इंग्रजी प्रतही हवी, असं ठरलं. हे मला समजावून सांगायची गरज पडली नाही. अल दुहैलच्या आमच्या घरात मी मराठीत ओरडते आणि मुलगी इंग्रजीत उत्तर देते, हे रोजचंच आहे. मी म्हटलं, इंग्रजी मी बघते. आणि मग माझ्यातली फायली लावणारी जागी झाली.

मी त्यांना आमच्यासारखा शेऱ्यांचा तक्ता करून दिला. शेरा क्रमांक, कोणाचा, उत्तर, आणि शेवटच्या रकान्यात स्थिती: उघडा की बंद. इंजिनिअर लोकांना हा तक्ता भरताना जीव जातो. त्या म्हाताऱ्या राजकारण्यांना तो इतका आवडला, की आपण हे आधी का नाही केलं असं त्यांना वाटलं असावं. रिव्हिजन ए गेली आणि शेऱ्यांचा पाऊस पडला. पहिले नऊ शेरे फक्त तारखांचे. त्यांचं वर्ष आपल्या कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे चालतं. आपल्याकडे शके असतं तसं. काहींनी तारखा बदलून दिल्या, काहींनी नाही, त्यामुळे एका शेऱ्यानुसार पक्ष स्थापन व्हायच्या आधीच फुटला होता. मी दोन तारखांचे दोन रकाने केले आणि नऊ शेरे एका सकाळी बंद केले. गृहस्थ म्हणाले, "आमच्या समितीत तू असतीस तर पक्ष फुटला नसता." मी आठवडाभर या वाक्यावर जगले.

बाकीचे शेरेही हळूहळू सुटले. कोणाचं नाव आधी, छपाईचं यंत्र कोणी आणलं, वगैरे. एकच शेरा हलेना. शेरा चौदा: थोरल्या संपादकांनी शुक्रवार का सोडला? त्याच्या खाली एकवीस उपशेरे, एकापेक्षा एक कडू. थोरल्यांच्या मुलीने त्यांच्या वतीने एकच ओळ लिहून पाठवली. "माझ्या माणसाला जे माहीत आहे ते त्याने लिहावं." त्यांचा माणूस म्हणजे आमचे गृहस्थ.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला आणि तसाच झाकून ठेवला. हे मी पहिल्यांदाच बघत होते. म्हणाले, "सिस्टर, शुक्रवार का सोडला ते मला माहीत नाही. मला जे माहीत आहे ते वेगळंच आहे."

मग त्यांनी मला सांगितलं. पक्ष फुटल्यावर ते थोरल्यांकडेच राहिले. धाकट्यांच्या गटाने काढलेले पहिले तीन अंक चुकांनी इतके भरलेले होते, की रस्त्याच्या कडेला बसलेल्या वाचकांची बोटं ओळीओळीला अडत होती. "मला झोप लागेना," ते म्हणाले. "विरोधकांचा असला तरी पेपर आहे तो. माणसं वाचतात." चौथ्या आठवड्यात धाकटे संपादक स्वतः आले आणि फक्त एकदा बघून दे म्हणाले. आमचे गृहस्थ गेले. पुढच्या गुरुवारीही गेले. सकाळी शहराच्या एका टोकाच्या छापखान्यात धाकट्यांचा अंक वाचायचा, दुपारी दुसऱ्या टोकाला जाऊन थोरल्यांचा. एकमेकांना शिव्या देणारे दोन अग्रलेख, आणि दोन्हीकडची क्रियापदं शोधणारा माणूस एकच. धाकट्यांना वाटलं हा आपल्याकडे आला. थोरल्यांना वाटलं हा आपल्याकडेच आहे. त्यांनी दोघांचाही समज मोडला नाही.

मी हसले. खरं सांगायचं तर खूप हसले. घरी मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, ही वॉज अ डबल एजंट!" मी दुसऱ्या दिवशी त्यांना ते सांगितलं, तर ते हसले नाहीत.

"थोरल्यांनी मला घडवलं," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर मला 'माझे डोळे' म्हणायचे. त्या माणसाकडे आता फार दिवस नाहीत. मी सांगितलं नाही, तर ते मला मी नाही तसा समजून जातील. सांगितलं, तर मला ओळखतच नव्हतो असं म्हणून जातील." मला माझ्या हसण्याची लाज वाटली आणि मी ती तिथल्या तिथे बोलूनही दाखवली. ते म्हणाले, "हसायला हरकत नाही. मीही पूर्वी हसायचो."

त्यांनी जे ठरवलं ते मला मुळीच मान्य नव्हतं. रिव्हिजन सीच्या दोन प्रती करायच्या. एकीत कबुलीचा परिच्छेद, ती फक्त थोरल्यांना. दुसरीत तो परिच्छेद नाही, ती बाकी सगळ्यांना. दोन्हींवर अक्षर एकच, कारण एकाला सी आणि दुसऱ्याला डी म्हटलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, की मधला कागद कुठे गेला. मी त्यांना पहिला नियम ऐकवला. भिंतींचं उदाहरण दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एका क्रमांकाचे दोन अंक मी या आधीही सांभाळलेत, सिस्टर." मग मला नाही म्हणता आलं नाही. त्यांनाही बहुधा दोन संपादकांपुढे असंच नाही म्हणता आलं नसणार.

प्रती पाठवायचा दिवस गुरुवार होता. दोहात गुरुवारी दुपारी कोणाचंच कामात लक्ष नसतं. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीचे बेत सुरू झालेले असतात, आणि नेमकं त्याच दिवशी प्रोजेक्टवाल्यांना सगळे कागद पाठवून हवे असतात. "यल्ला, यल्ला", आटपा आटपा, करत माणसं माझ्या टेबलाशी येऊन उभी राहत होती. माझा उपास, खिचडी डब्यात तशीच. इतिहासाच्या प्रती मी जेवणाच्या सुट्टीत माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवरून पाठवणार होते. गृहस्थांनी पलीकडून विचारलं, "जेवलीस?"

"पाठवून जेवते," मी म्हटलं. "पाचच मिनिटं."

ते काहीतरी म्हणायच्या बेतात होते, पण त्यांना कोणीतरी मीटिंगला बोलावून नेलं. मी फाइल जोडली आणि दोन्ही गटांच्या याद्यांना पाठवून दिली. मग थोरल्यांसाठी दुसरी फाइल उघडली, सवयीने शेवटचं पान बघितलं, आणि त्यात तो परिच्छेद नव्हता.

कबुलीची प्रत सगळ्यांना गेली होती. दोन्ही गटांना, त्यांच्या मुलांना, इंग्रजीत, माझ्या सुबक फॉन्टमध्ये. ते मीटिंगमधून परत येईपर्यंत मी खुर्चीतून उठले नाही. आल्यावर सांगितलं. त्यांनी माझ्या टेबलावरचा बंद डबा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "खलास," इतकंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या डब्याचं झाकण काढलं, चमचा माझ्या हातात दिला आणि आपल्या जागी जाऊन बसले. मी ती खिचडी संपवली.

सुट्टीचे ते दोन दिवस मी घरात कोणाशी नीट बोलले नाही. नवऱ्याने समजूत घालायला म्हणून सांगितलं, की मंडळातही असे मेल चुकून जातात. मी त्याला म्हटलं, मंडळातलं कोणी मरणाच्या दारात नाहीये. तो उठला आणि चहा करून घेऊन आला.

तिकडे काय चाललंय ते गृहस्थ मला अधूनमधून कळवत होते. मी विचारलं म्हणून, स्वतःहून नाही. थोरल्यांच्या ग्रुपमधून त्यांना काढून टाकलं होतं. धाकट्यांच्या ग्रुपमध्ये ठेवलं होतं, पण सगळे त्यांच्याबद्दल ते तिथे नसल्यासारखं बोलत होते. एकाने मोठा लेख लिहिला, सहा विशेषणांचा. शनिवारी धाकट्या संपादकांचा फोन आला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, की तेव्हा गुरुवारी आमच्या छापखान्यातून निघून दुपारी त्या टोकाला तू जायचास कसा? गृहस्थ म्हणाले, चालत. धाकट्यांनी फोन ठेवला.

थोरल्यांकडून काहीच नव्हतं. ना फोन, ना निरोप. मला वाटलं, वाचलं आणि तोंड फिरवलं. त्याहून वाईट म्हणजे वाचलंच नसेल, दुसऱ्याच कोणाच्या तोंडून ऐकलं असेल. एका माणसाला आयुष्यात एकदा जे नीट, आपल्या शब्दांत, एकट्याला सांगायचं होतं, ते मी उपाशीपोटी पाच मिनिटांत चव्हाट्यावर मांडलं होतं. इतक्या वर्षांचा माझा तो पहिला नियम आणि माझा तोरा, दोन्ही त्या गुरुवारी संपले.

रविवारी सकाळी मी ऑफिसला लवकर पोचले. ते आधीच आले होते. त्यांच्या पडद्यावर माझा शेऱ्यांचा तक्ता उघडा होता आणि शेरा चौदासमोरचा उत्तराचा रकाना भरलेला होता. अम्हारिकमध्ये, सात-आठ ओळी. "थोरल्यांनी सांगितलंय, मुलीने टाइप केलंय," ते म्हणाले. पट्टी पडद्यावर धरून, एकेक ओळ खाली सरकत, त्यांनी मला ते इंग्रजी करत वाचून दाखवलं. मला आठवतं तसं देते.

"त्यांचे पहिले तीन अंक चुकांनी भरलेले होते. चौथा स्वच्छ निघाला. शहरात असं वाचणारा माणूस एकच होता, त्यामुळे मला कोणाला विचारावं लागलं नाही. तो गुरुवारी दुपारी माझ्याकडे यायचा तेव्हा धापा टाकत असायचा. पेन्सिल धरली की हात कापायचा. मी त्याला जाब विचारला असता, तर त्याला दोघांतला एक निवडावा लागला असता, आणि एक पेपर पुन्हा चुकांनी भरला असता. म्हणून मी वार बदलला. यात राजकारण काही नव्हतं, त्यामुळे समितीला सांगता आलं नाही. सोमवारी तो जेवून येऊ लागला. खात्री करायला मी दर वेळी विचारत असे."

पट्टी शेवटच्या ओळीखाली तशीच राहिली. ते म्हणाले, "दर सोमवारी. दारातच. प्रुफं हातात द्यायच्या आधी. जेवलास? मला वाटायचं, थोरल्यांची बोलायची पद्धत आहे." भित्रा म्हणवून घेतलं होतं त्या माणसाने, फितूर म्हणवून घेतलं होतं, इतकी वर्षं, स्वतःच्या माणसांकडून. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. ऑफिसात अजून कोणी आलेलं नव्हतं.

मग मला माझं काम आठवलं, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. तक्त्यात उत्तराच्या पुढे एक रकाना असतो. उत्तर मिळाल्याची पोच लिहायचा. तो भरल्याशिवाय शेरा बंद होत नाही. मी म्हटलं, "इथे तुम्हाला लिहावं लागेल. मी काय लिहू?"

"तू नको," ते म्हणाले. त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला आणि त्यांच्या लिपीत एकच शब्द टाइप केला. तीन अक्षरं. ती तपासायला पट्टी लावली नाही.

मी विचारलं, "काय लिहिलंत?"

"जेवलो," ते म्हणाले.

मी शेरा चौदासमोर 'बंद' लिहिलं आणि फाइल सेव्ह केली.